‘एका संशोधनानुसार’ म्हणजे नेमकं कोणत्या?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एक काका आपल्या अंकातलं कात्रण घेऊन आमच्या ग्रंथालयात आले. शर्टाच्या खिशात ठेवून ठेवून घडीवर फाटायला आलेलं कात्रण. विस्मरणाच्या आजारावर आशेचा किरण, अशा मथळ्याची बातमी होती आणि ‘एका आंतरराष्ट्रीय संशोधनात असे आढळून आले आहे’ या ओळीखाली त्यांनी लाल पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होती. म्हणाले, “मॅडम, हे संशोधन तेवढं काढून द्या. हिच्या डॉक्टरांना दाखवायचंय.”

मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. पहिली चौदा वैद्यकीय महाविद्यालयात गेली, नंतरची सार्वजनिक ग्रंथालयात. तरीही ते ‘एक’ संशोधन शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. बातमीत नियतकालिकाचं नाव नाही, साल नाही, औषधाच्या जागी ‘एक विशिष्ट घटक’. संशोधकाचं आडनाव होतं, पण देवनागरीतून परत रोमन लिपीत नेताना ते पाच तऱ्हांनी लिहिता येत होतं. चौथ्या तऱ्हेला त्या विद्यापीठाचं प्रसिद्धिपत्रक सापडलं आणि त्याच्या तळाशी मूळ शोधनिबंधाचा दुवा. प्रयोग उंदरांवरचा होता. निबंधाच्या शीर्षकातच तसं लिहिलेलं होतं. बातमीत मात्र उंदीर कुठेच नव्हते.

काकांना मी ते सांगितलं. ते जरा वेळ कात्रणाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हिला उपयोग नाही?” या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मला अधिकार नाही. मी एवढंच म्हणाले, की या निबंधात माणसांविषयीचा एकही निष्कर्ष नाही, पुढचं डॉक्टर सांगतील. त्यांनी निबंधाच्या पहिल्या पानाची छापील प्रत मागून घेतली आणि कात्रणाच्याच घडीत ठेवली.

तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. मागणं एकच आहे. आरोग्यविषयक संशोधनाची बातमी छापाल तेव्हा तिच्या शेवटी एक ओळ त्या संशोधनाच्या पत्त्याची छापा: नियतकालिकाचं नाव, साल, अभ्यास माणसांवर की प्राण्यांवर, किती जणांवर आणि पैसे कोणी दिले. डीओआय हा शोधनिबंधाचा कायमचा क्रमांक दिलात तर सोन्याहून पिवळं. त्या क्रमांकावरून कुठलाही ग्रंथपाल मिनिटभरात मूळ लेखापर्यंत पोचतो. जागा नसते, हे उत्तर मला ठाऊक आहे. पंधरा-वीस शब्दांचा मामला आहे. त्याच पानावर ‘जाणून घ्या’ आणि ‘थक्क करणारे’ या शब्दांना मिळते तेवढी जागा पुरेल. उंदरांचं म्हणाल, तर जेम्स हीथर्स नावाच्या संशोधकाने २०१९ मध्ये ट्विटरवर एक खातंच उघडलं होतं. असल्या बातम्या पुन्हा प्रसारित करायच्या आणि वर इंग्रजीत दोनच शब्द लिहायचे: ‘इन माइस’, म्हणजे ‘उंदरांमध्ये’. बाकी टीका नाही, टिप्पणी नाही. हजारो लोकांनी ते खातं डोक्यावर घेतलं.

पत्त्यासोबत औषधाचं मूळ नावही छापावं, असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे. एक तरुण वाचक तापाच्या औषधांची तुलना करायला आला होता. त्याच्या वहीत दोन रकाने होते, एकीकडे पॅरासिटामॉल, दुसरीकडे परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेलं अ‍ॅसिटअमिनोफेन. दोन्हींतलं चांगलं कोणतं, हे त्याला ठरवायचं होतं. दोन्ही एकच! अमेरिकेत एक नाव चालतं, बाकी जगात बहुतेक ठिकाणी दुसरं. अ‍ॅड्रेनालिन आणि एपिनेफ्रिन यांचं तेच, दम्याच्या सालब्युटामॉलचं आणि अल्ब्युटेरॉलचंही तेच. मी शब्दकोश उघडून दाखवला तेव्हा तो हसला, मग एकदम गंभीर झाला. कारण सर्दीच्या कुठल्याशा गोळीत एक नाव आणि तापाच्या गोळीत दुसरं असं असेल, तर दोन वेगळी औषधं समजून माणूस एकाच औषधाचा दुप्पट डोस घेऊ शकतो. पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृताला झेपत नाही. असल्या वेळी आमचं काम पुस्तकांच्या याद्या करण्याचं नसतं, नावांच्या गाठी सोडवण्याचं असतं. वैद्यकीय माहितीच्या शोधात निम्मी लढाई नावांची आहे. लोक ‘हार्ट अटॅक’ म्हणतात, निबंधात ‘मायोकार्डिअल इन्फार्क्शन’ असतं. ही दोन टोकं जोडण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० मध्ये विषयशीर्षकांची एक सूची काढली, तिला ‘मेश’ म्हणतात. आजही मी शोध सुरू करते तो तिथूनच. वाचक कुठल्याही नावाने विचारो, सूची त्याला एकाच शीर्षकाखाली आणून सोडते. पॅरासिटामॉल शोधणाऱ्यालाही ती गुपचूप अ‍ॅसिटअमिनोफेनच्या दारात नेते.

याच अमेरिकी ग्रंथालयाची दुसरी देणगी म्हणजे पबमेड, वैद्यकीय शोधनिबंधांची संगणकावरची यादी. माझ्या सुरुवातीच्या काळात आम्ही ‘इंडेक्स मेडिकस’चे छापील खंड उचलायचो. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये सुरू केलेली ती सूची २००४ पर्यंत छापली जात होती. ते खंड वरच्या फळीवरून काढण्यात माझी कंबर कामी आली. पबमेड १९९७ मध्ये जगभर मोफत खुलं झालं होतं; ते आमच्या हाताशी आलं आणि जे काम दोन दिवसांचं होतं ते दोन मिनिटांवर आलं. पण एक नवी अंधश्रद्धाही आली. ‘पबमेडवर आहे’ असं लोक ‘तपासून घेतलेलं आहे’ या अर्थाने म्हणू लागले, पत्रकारही म्हणतात. पबमेड ही यादी आहे हो! टेलिफोन डिरेक्टरीत नाव असणं म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर बेतलेला १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला लेख आजही पबमेडवर आहे. फरक एवढाच, की २०१० मध्ये तो मागे घेतला गेला आणि तशी सूचना आता त्याच्या माथ्यावर आहे. ज्याला पत्ता ठाऊक असेल त्यालाच ती सूचना दिसते. ‘एका संशोधनानुसार’ एवढंच वाचणाऱ्याला ती दिसायची कशी?

पत्ता नुसता असून भागत नाही, तिथवर जावंही लागतं. याचं सर्वांत बोचरं उदाहरण म्हणजे संपादकांना लिहिलेलं एक पत्रच आहे, म्हणून आपल्याला मुद्दाम सांगते. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बॉस्टनच्या दोघांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी आम्ही तपासल्या, पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नीट नोंद मिळाली, असा त्याचा आशय. पत्र खरं होतं. पण ते रुग्णालयातल्या, देखरेखीखालच्या रुग्णांविषयी होतं. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अक्षर नव्हतं. पुढे त्याचा हवाला देत ‘ही औषधं घेतल्याने व्यसन क्वचितच लागतं’ असं लिहिण्याची प्रथा पडली. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा हवाल्यांची संख्या ६०८ भरली, आणि त्यांतल्या दहापैकी आठांनी रुग्ण रुग्णालयातले होते हे सांगितलंच नव्हतं. मोजदाद करणाऱ्यांनीही आपलं म्हणणं त्याच नियतकालिकाच्या पत्रव्यवहारातच मांडलं. त्यानंतर संपादकांनी मूळ पत्रावर सावधगिरीची टीप जोडली. तोवर ३७ वर्षं उलटली होती, आणि उत्तर अमेरिकेत त्या औषधांच्या व्यसनाने माणसं मरत होती.

मी हे पत्र आमच्या प्रशिक्षणार्थींना वाचायला देते. वाचून व्हायला एक मिनिट लागतं. ६०८ मधल्या कितीजणांनी ते मिनिट काढलं असेल, असं मी विचारते आणि वर्गात शांतता पसरते.

आता आकड्यांविषयी. ‘धोका दुप्पट’ हा मथळा आपल्याकडेही मी वाचला आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की गर्भनिरोधक गोळ्यांच्या एका नव्या पिढीमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातम्या झाल्या, बायकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. दुप्पट म्हणजे किती? सात हजारांत एक होतं ते सात हजारांत दोन झालं होतं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. इशारा खोटा नव्हता, बातमीही खोटी नव्हती. फक्त ‘कशाच्या दुप्पट’ हे गाळलं गेलं. आमच्याकडे कोणी टक्केवारी घेऊन आलं, की मी मूळ निबंधातला तक्ता उघडते आणि शंभरात किंवा हजारात किती माणसं, ते कागदावर लिहून देते. कितीदा तरी चेहऱ्यावरचा ताण तिथल्या तिथे उतरलेला पाहिलाय. क्वचित वाढलेलाही पाहिलाय, तेही सांगायला हवं.

भाषेचाही एक काटा आहे, आणि तो आपल्या हातात आहे. ‘लक्षणीय घट’ असं बातमीत येतं, वाचक समजतो की मोठी घट. मुळात तो संख्याशास्त्रातला शब्द असतो आणि फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही एवढंच तो सांगतो; फरक चिमूटभर असू शकतो. ‘तीव्र’ म्हटलं की आपल्याला जोरदार वाटतं, पण वैद्यकात ते बहुधा ‘अचानक सुरू झालेलं, थोड्या दिवसांचं’ या अर्थाच्या शब्दाचं भाषांतर असतं. ‘जुनाट’च्या नेमकं उलट. आणि ‘इलाज सापडला’ (म्हणजे आजार बरा होतो) व ‘उपचार सापडला’ (म्हणजे आजारावर काही करता येतं) यांत तर जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हे तीन-चार शब्द जपून वापरले, तरी माझ्या टेबलावरची निम्मी गर्दी ओसरेल.

कोणावर विश्वास ठेवायचा, असं लोक थेट विचारतात. तेव्हा मी एकट्यादुकट्या अभ्यासाकडे न जाता आधी पद्धतशीर आढावा आहे का ते पाहते, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून, पारखून, एकत्र मांडलेला निष्कर्ष. असे आढावे तयार करणारी कॉक्रेन ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हात काही आडव्या रेषा आहेत. मी त्या वर्षानुवर्षं नक्षी समजत होते. खरं तर त्या प्रत्येक रेषेत एकेका चाचणीचा निकाल आहे. दिवस भरण्याआधी बाळंत होऊ घातलेल्या स्त्रियांना स्टेरॉइडचा छोटा, स्वस्त डोस दिला तर बाळं वाचतात का, हा प्रश्न. पहिली चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली, नंतर आणखी झाल्या, पण १९८९ पर्यंत कोणी त्या एकत्र मांडून पाहिल्या नाहीत. सुट्या सुट्या पाहिल्या तर चित्र धूसर. एकत्र मांडल्यावर लख्ख दिसलं, की डोस द्यायला हवा होता. मधल्या काळात जी बाळं दगावली ती माहिती नव्हती म्हणून नव्हे. माहिती होती, विखुरलेली होती. ग्रंथपालाला याहून झोंबणारी गोष्ट सांगता येणार नाही.

अलीकडे नवाच प्रकार सुरू झालाय. वाचक संवादी यंत्राला, म्हणजे चॅटबॉटला, आजार विचारतात, ते गोड भाषेत उत्तर देतं आणि खाली चार संदर्भही देतं. लेखकांची नावं खरी, नियतकालिक खरं, खंड आणि पृष्ठांकही दिलेले. लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नसतो. पहिल्यांदा असा संदर्भ शोधायला आला तेव्हा मला वाटलं, मीच कुठेतरी चुकतेय; मी त्या नियतकालिकाचा तो अंक पानापानाने चाळला. सांगितलेल्या पानावर भलत्याच विषयाचा लेख होता. आता मी आधी संदर्भ अस्तित्वात आहे का ते बघते, मग आशय. सव्वीस वर्षांत हा क्रम कधी उलटा करावा लागला नव्हता. अशा काळात वर्तमानपत्राने खरा, तपासता येणारा पत्ता छापला तर त्याचं मोल पूर्वीपेक्षा जास्त आहे, हे माझं म्हणणं आपण मान्य कराल.

उपदेश फार झाला, म्हणून माझी एक चूकही सांगते. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक बाई बहिणीच्या आजाराबद्दल विचारायला आल्या. मी मोठ्या तत्परतेने जाडजूड पाठ्यपुस्तक काढलं, पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांना काय जाणून घ्यायचंय, किती जाणून घ्यायचंय, काही विचारलं नाही. पानावर निदानानंतर रुग्ण साधारण किती महिने जगतो त्याचा आकडा होता. त्या उभ्या उभ्याच वाचत राहिल्या, मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं, “थँक्यू” म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर मी पुस्तकाचं साल पाहिलं. आवृत्ती अकरा वर्षं जुनी होती आणि दरम्यान त्या आजाराचे उपचार बदलले होते. धावत जिन्यापर्यंत गेले, त्या दिसल्या नाहीत. नाव-पत्ता माझ्याकडे नव्हता, कारण आजाराची चौकशी करणाऱ्याला आम्ही नाव विचारत नाही. त्याच आठवड्यात मी वैद्यकाच्या फळीवरची जुनी पुस्तकं निर्लेखनासाठी, म्हणजे संग्रहातून बाद करण्यासाठी, काढली. वरिष्ठ म्हणाले, “एवढी चांगली बांधणी, कशाला बाद करताय?”

त्या आकड्याचं आणखी एक होतं, ते मला फार उशिरा कळलं. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या अस्तराचा दुर्मिळ कर्करोग झाला. ते हार्वर्डच्या वैद्यकीय ग्रंथालयात गेले, शोध घेतला आणि समोर आलं, की निदानानंतरचा मध्यांक आठ महिने. ते संख्या जाणणारे होते. मध्यांक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांहून अधिक जगतात, आणि ते ‘अधिक’ किती लांबतं हे तो आकडा सांगत नाही, हे त्यांनी ओळखलं. वय कमी, आजार लवकर सापडलेला, नव्या उपचारांची सोय. आपण त्या लांबणाऱ्या शेपटीत असू शकतो असा हिशेब त्यांनी मांडला आणि ते पुढे वीस वर्षं जगले. २००२ मध्ये गेले ते दुसऱ्याच कर्करोगाने. सगळ्यांचा हिशेब असा जुळत नाही, पण आकडा वाचायचा कसा हे त्या बाईंना कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवं होतं. ते काम माझं होतं. आता मी आधी खुर्ची पुढे करते आणि विचारते, “तुम्हाला साधारण माहिती हवीय की आकडेही?” बरेच जण आकडे नको म्हणतात. तो त्यांचा अधिकार.

पत्र लांबलं आहे. कापायचं झालं तर बिलिंग्ज आणि माझी कंबर खुशाल काढा, पण पत्त्याच्या ओळीची मागणी तेवढी ठेवा. आपल्या आरोग्य पुरवणीच्या चमूला मूळ निबंध शोधायला मदत लागत असेल तर आमच्या संदर्भ विभागात अवश्य पाठवा. आमचं ते कामच आहे.

माझं नाव आणि ग्रंथालयाचं नाव मात्र छापू नये, ही विनंती. लाल पेन्सिलवाले काका आपले नियमित वाचक आहेत, आणि त्यांच्या घरातल्या आजाराची गोष्ट त्यांनी मला देवघेवीच्या टेबलापासून लांब, कपाटाआड उभं राहून सांगितली होती.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल